काडीचं झाड

जास्वंदाच्या फांदीचा मुळांशी थेट संबंध कधी आलेलाच नसतो. तिचं सगळं आयुष्य वर, उन्हात: पानं काढायची, कळ्या धरायच्या. पाणी खालून कुठूनतरी येतं, पानांत तयार झालेली साखर खाली कुठेतरी जाते, एवढंच. अशी एक वीतभर फांदी कात्रीनं कापून ओल्या वाळूत खोचली, की महिन्याभरात तिच्या कापलेल्या टोकातून पांढरी, कोवळी मुळं बाहेर येतात. आपल्या आया-आज्यांनी हे इतक्या सहजपणे केलं, की त्यात काही अद्भुत आहे याचा आपल्याला विसर पडतो. पालीची शेपटी तुटली तर पालीला नवी शेपटी येते. तुटलेल्या शेपटीला नवी पाल येत नाही. जास्वंदाच्या बाबतीत दोन्ही घडतं. झाडाला नवी फांदी येते आणि फांदीला नवं झाड येतं.

प्राण्यांच्या शरीरात पेशीचं काम एकदा ठरलं की बहुतेक वेळा कायमचं ठरतं. यकृताची पेशी यकृताचीच राहते. झाडांनी मात्र आपल्या पेशींना असं बांधून टाकलेलं नाही. फांदीच्या सालीखाली, पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांना लागून काही पेशी असतात. एरवी त्या अन्न साठवतात किंवा खोड जाड करायला हातभार लावतात. फांदी कापली गेली की त्यांतल्याच काही पेशी जुनं काम सोडतात, पुन्हा विभागू लागतात आणि मुळाचा कोंब रचतात. तो कोंब आतून साल फोडून बाहेर पडतो. शाळेच्या पुस्तकात यांना आगंतुक मुळं म्हणतात. वडाच्या पारंब्या ही तीच मुळं. वडाची फांदी हे काम कुणी न कापताही करते.

ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये एक धाडसी विचार मांडला: झाडाच्या एका सुट्या पेशीतून संपूर्ण झाड उभं राहू शकायला हवं. त्यांनी पेशी वेगळ्या करून पोषक द्रवात ठेवल्या. पेशी जगल्या, पण विभागल्या नाहीत. पुढे अर्धशतकानं, १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशींपासून गाजराची अख्खी रोपं तयार केली. त्या पेशींना ज्या द्रवात वाढवलं, त्यात नारळाचं पाणी घातलेलं होतं. कोकणात आणि गोव्यात आपण शहाळं फोडून जे पितो, ते कोवळ्या नारळबीजाचं अन्न आहे, आणि झाडांच्या पेशींना विभागायला लावणारी द्रव्यं त्यात आहेत. एकेका पेशीत साऱ्या झाडाचा आराखडा शाबूत असतो, हे प्रयोगशाळेत असं सिद्ध झालं. काडी लावणारे माळी त्याच आराखड्याच्या भरवशावर शतकानुशतकं बागा वाढवत आले होते.

पण आराखडा तर सगळ्याच पेशींजवळ आहे. मग नेमकं खालच्या टोकालाच मूळ कसं फुटतं आणि वरच्या डोळ्यातून पालवीच का येते? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विस्मयकारक वाटतं ते हे.

हेरमान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञानं १८७८ साली याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं विलो झाडाच्या फांद्यांचे तुकडे घेतले. आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठानं वाढणारं वाळुंज याच कुळातलं. काही तुकडे त्यानं दमट, अंधाऱ्या काचपात्रात सरळ टांगले, काही उलटे. सरळ टांगलेल्यांना खाली मुळं आली, वर पालवी आली. उलट्या टांगलेल्या तुकड्यांनाही मुळं आली, पण ती आता वर असलेल्या टोकाला! झाडावर असताना जे टोक बुंध्याच्या बाजूला होतं, तिथेच. गुरुत्वाकर्षण उलटं झालं, तरी फांदीनं आपलं खाली-वर बदललं नाही. तुकड्याचे आणखी तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा आपली दिशा राखून असतो. एकाच जागी कापलेल्या दोन समोरासमोरच्या टोकांपैकी एक मूळ काढतं आणि दुसरं पालवी.

ही दिशा फांदी कशी राखते, हे समजायला पुढचं अर्धं शतक आणि त्याहून जास्त काळ लागला. सुरुवात मुळांपासून झालीच नाही, झाली ती उजेडाकडे वाकणाऱ्या गवताच्या कोंबापासून. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवलं, की कोंबाचं टोक उजेड ओळखतं आणि त्याचा काहीतरी प्रभाव खाली पोचतो. हॉलंडमधल्या उट्रेख्त इथे फ्रिट्स वेंट यांनी १९२६ मध्ये ओटच्या कोंबांची टोकं कापून आगर नावाच्या जेलीच्या चौकोनी तुकड्यांवर ठेवली. नंतर नुसता तो आगरचा तुकडा बिनटोकाच्या कोंबावर ठेवला तरी कोंब वाढू लागला. म्हणजे टोकातून काही द्रव्य झिरपलं होतं. त्याला ऑक्सिन हे नाव मिळालं. ते झाडात इतकं कमी असतं की वेगळं काढणं महाकठीण. उट्रेख्तच्याच रसायनशास्त्रज्ञांना १९३४ मध्ये ते सापडलं मानवी मूत्रात. इंडोल अॅसिटिक आम्ल हे त्याचं रासायनिक नाव. त्या सुमारासच स्पष्ट झालं, की फांदीला मुळं फुटवणारं द्रव्यही हेच आहे.

आता फांदीकडे परत येऊ. शेंड्यातला कोंब आणि कोवळी पानं ऑक्सिन तयार करतात. ते खाली उतरतं, पण पाण्यासारखं ओघळत नाही. प्रत्येक पेशी ते वरच्या पेशीकडून घेते आणि खालच्या पेशीला देते, कारण ऑक्सिन बाहेर सोडणारी प्रथिनांची दारं पेशीच्या फक्त बुंध्याकडच्या बाजूला असतात. तासाला साधारण एक सेंटिमीटर, अशा संथ चालीनं हा प्रवास चालतो. फांदी अखंड असते तोवर हे ऑक्सिन खोडातून मुळांपर्यंत जातं. फांदी कापली की रस्ता तिथेच संपतो. चार-सहा इंचांची काडी असेल, तर अर्ध्या दिवसात शेंड्याचा निरोप कापलेल्या टोकाशी पोचून साचू लागतो. जखमेमुळे तिथल्या पेशी आधीच जाग्या झालेल्या असतात, त्यांच्यावर हा साठा येऊन पडतो, आणि मूळ सुरू होतं. काडी उलटी खोचली तर दारंही उलटीच होतात; ऑक्सिन मातीतून वर, हवेतल्या टोकाकडे जातं. काडी मुळं काढायचा प्रयत्न चुकीच्या टोकाला करते आणि वाळते. जाणते माळी काडीला खालून तिरका आणि वरून सपाट काप देतात. तिरक्या कापानं मुळांना जास्त जागा मिळते असं सांगतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग, शंभर काड्यांच्या जुडीतही खालची बाजू डोळे झाकून ओळखता यावी, हा आहे.

रोपवाटिकेत काड्या ज्या पांढऱ्या भुकटीत बुडवतात, तीत बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, ज्याला सगळे आयबीए म्हणतात. अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी १९३५ मध्ये त्याचा हा गुण दाखवला. झाडाचं स्वतःचं ऑक्सिन उजेडात आणि पेशीतल्या विकरांमुळे लवकर मोडतं. आयबीए जास्त टिकतं. भुकटीचा पातळ थर पुरतो. जास्त लावली तर टोक काळं पडून मरतं, कारण हीच द्रव्यं मोठ्या मात्रेत झाडाला विष होतात. मध, दालचिनी, कोरफड यांचे उपाय घरोघर सांगितले जातात. करून पाहायला हरकत नाही, पण आयबीएची सर त्यांना नाही. आणि मनीप्लांट, कोलियस, पुदिना, तुळस, पानओवा यांना तर कशाचीच गरज नसते.

काडी कापल्या क्षणापासून एक शर्यत सुरू होते. पानं हवेत पाणी सोडतच राहतात आणि ते भरून द्यायला मुळं नसतात. मुळं फुटायच्या आत काडी सुकली, तर संपलं. घरगुती काडी लावण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, आणि हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. काडी सकाळी कापायची, कारण रात्रभर पाणी पिऊन फांदी तेव्हा टंच असते. खालची पानं काढायची, वरची मोठी असतील तर अर्धी कापायची. पण सगळी पानं खुडू नयेत: साखर तीच बनवतात, ऑक्सिनही तिथूनच येतं. फुलं आणि कळ्या मात्र निर्दयपणे काढाव्यात. काडीजवळची शिदोरी थोडी असते, ती फुलांवर खर्च व्हायला नको. कुंडीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घातली की आतली हवा दमट राहते. उजेड हवा, थेट ऊन नको. बंद पिशवीवर ऊन पडलं तर काडी शिजते.

महाराष्ट्रात ही पिशवी निसर्गच घालतो. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते, आभाळ इतकं झाकलेलं असतं, की पुण्या-मुंबईच्या कुठल्याही गॅलरीत रोपवाटिकेतल्या कृत्रिम धुक्याच्या खोलीसारखी, म्हणजे मिस्ट चेंबरसारखी, स्थिती आपोआप होते. म्हणून गुलाब, जास्वंद, मोगरा, तगर, अडुळसा यांच्या काड्या पावसाळ्यात लावायची रीत पडली. शेतकरी बांधावर गिरिपुष्पाचे सोट, कोकणात पांगाऱ्याच्या फांद्या पहिल्या पावसात ठोकतात आणि पावसाळा उतरता उतरता कुंपण हिरवं झालेलं असतं. या दिवसांत प्लॅस्टिकची गरज कमी आणि कुजण्याची भीती जास्त. त्यामुळे काडीला खत घातलेली काळी माती देऊ नये. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं उत्तम, कारण मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो, आणि पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा जवळपास दहा हजार पट हळू पसरतो. चिखलात काडी अक्षरशः गुदमरते. ग्लासातल्या काडीचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं ते याचसाठी. पाण्यात फुटलेली मुळं ठिसूळ असतात आणि त्यांच्यावर मूळकेस कमी असतात, म्हणून ती दीड-दोन इंचांची झाली की मातीत न्यावी. ग्लासभर जाळं होईपर्यंत थांबलं तर मातीत जाताना झाडाला त्रास होतो.

फांदी निवडताना फार कोवळी नको, फार जून नको. वाकवली तर वाकते पण जास्त वाकवली तर कटकन मोडते, ती नेमकी. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची. काप डोळ्याच्या किंचित खाली द्यावा. बऱ्याच झाडांत पेराशी मुळं लवकर येतात, आणि उसासारख्या झाडात तर प्रत्येक पेरावर मुळांच्या कोंबांचा पट्टा आधीच तयार बसलेला असतो. चाफ्याचं निराळं. मेक्सिको-कॅरिबियनकडून आलेल्या या झाडाच्या खोडात पाण्याचा आणि चिकाचा मोठा साठा असतो, म्हणून त्याची फांदी कापून आठवडाभर सावलीत तशीच ठेवावी. जखम सुकली की मगच माती. ओला चीक वाहत असताना लावलेला चाफा हमखास कुजतो.

एक सावधगिरी सगळ्यांना सांगावीशी वाटते. काडीला नवी पालवी फुटली म्हणजे मुळं आली, असं नसतं. गुलाब आणि जास्वंद साठवलेल्या अन्नावर आधी पानं काढतात, आणि त्या आनंदात काडी उपटून मोठ्या कुंडीत लावली जाते. पालवी टिकून वाढत राहिली, काडी हलकेच ओढल्यावर मातीनं धरून ठेवल्यासारखी वाटली, की मुळं आली समजावं.

काही झाडांना फांदीही लागत नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेला, प्रत्येक खाचेत, पेशींचा एक छोटासा गट राखून ठेवलेला असतो. पान गळून ओलीवर पडलं की खाचेखाचेतून इवलाली रोपं मुळांसकट उभी राहतात. जर्मन महाकवी गटे या झाडावर इतका लुब्ध होता की त्याची पानं तो मित्रमंडळींना पाठवी. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे वाळूत खोचले तरी रोपं होतात, पण पिवळ्या काठाच्या जातीत एक चमत्कार दिसतो: नवं रोप काठाविना, निव्वळ हिरवं येतं. कारण त्या झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. काठाच्या पेशींना हरितद्रव्य करता येत नाही, आतल्यांना येतं. नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून उगवतो आणि काठ मागेच राहतो. पिवळा काठ हवा असेल तर बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी करून लावायची.

बी हे लेकरू असतं. त्याच्यात आईचं थोडं, बापाचं थोडं. काडी लेकरू नसते. शेजारच्या काकूंनी दिलेल्या जास्वंदाची काडी म्हणजे काकूंचंच जास्वंद, आता दोन कुंड्यांत वाढणारं. महाराष्ट्राच्या उसाकडे या नजरेनं पाहिलं तर थक्क व्हायला होतं. उसाला तुरा येतो, बी धरू शकतं, पण बियांतून आलेला प्रत्येक ऊस वेगळा निघेल म्हणून शेतकरी कांड्याच लावतो. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ ची. तिथे बियांपासून उगवलेल्या हजारो रोपांतून निवडलेल्या एका रोपाला १९८६ च्या यादीत क्रमांक मिळाला: को ८६०३२. तेच आपलं ‘नीरा’ वाण. आज राज्यात लाखो एकरांवर उभा असलेला या वाणाचा ऊस म्हणजे त्या एका रोपाच्या कांडीची कांडी, तिची कांडी.

मनीप्लांटची गोष्ट याहून विलक्षण आहे. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची ही वेल आपणहून फुलल्याची शेवटची नोंद १९६४ सालची. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिला स्वतःला बनवता येत नाही, एक जनुक नीट चालत नाही म्हणून, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. बाहेरून जिबरेलिन दिल्यावर ती फुललीही. म्हणजे जगभरच्या खिडक्यांत, बाटल्यांत, बँकांच्या काउंटरवर ही वेल पोचली ती बियांनी नव्हे. कुणीतरी एक पेर कापलं आणि दुसऱ्याला दिलं, असं करत करत.

तरी तंतोतंत सारखेपणालाही कधीतरी फाटा फुटतो. एखाद्या फांदीच्या टोकातल्या पेशीत बदल होतो आणि तेवढीच फांदी वेगळी निघते. डोळस माणसाच्या नजरेला ती पडली, की काडीनं तो बदल कायमचा जपता येतो. थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या बागांतून सांगलीच्या तासगाव भागात ‘तास-ए-गणेश’ निवडलं गेलं, तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांच्या नजरेनं लांबट मण्यांचं ‘सोनाका’ टिपलं. दोन्ही वाणं शेतकऱ्यांच्या निरीक्षणातून आली आणि काड्यांनी पसरली. आज त्या काड्या बहुधा डॉगरिज जातीच्या खुंटावर बांधतात, आणि तो खुंटही मुळात काडीच लावून वाढवलेला असतो.

काडीतून झाड करणं सगळ्याच झाडांना साधत नाही. नारळाच्या खोडाला वाढीचा एकच कोंब असतो आणि खोड जाड करणारा थर नसतो; त्याचा तुकडा लावून काही होत नाही. आंब्याच्या फांदीला मुळं फुटणं फार अवघड, म्हणून तर कोकणानं कलमांची विद्या एवढी वाढवली. झाड जून झालं की बऱ्याच जातींची मुळं काढायची ताकद ओसरते, त्यामुळे म्हाताऱ्या झाडाची काडी घ्यायची तर बुंध्याजवळ फुटलेल्या तजेलदार धुमाऱ्याची घ्यावी. आणि काडीतून तेच झाड पुढे जातं, तसे त्याचे रोगही जातात. विषाणू आणि इतर रोगजंतू काडीबरोबर येतात. उसाची गवताळ वाढ हा रोग रोखायला बेणं ५४ अंश तापमानाच्या दमट हवेतून काढतात, ते उगाच नाही. घरी एवढं करता येत नाही. निरोगी झाड निवडणं, पिठ्या ढेकूण दिसला तर काडी न घेणं, कात्री स्पिरिटनं पुसणं, एवढं पुरे.

पुण्या-मुंबईत जुने वाडे आणि चाळी भराभर उतरत आहेत. त्यांच्या अंगणांत गावठी गुलाब आहेत, भरगच्च पाकळ्यांचे मोगरे आहेत, ज्यांची नावं रोपवाटिकेच्या यादीत नाहीत. भरपाकळी फुलांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बहुतेकदा बी धरत नाही; झाड उपटलं की ती जात तिथेच संपते. तुमच्या ओळखीचं असं घर पाडायला निघालं असेल, तर त्याआधीच्या पावसाळ्यात पाच-सहा काड्या मागून घ्या. दोन स्वतः लावा आणि उरलेल्या वेगवेगळ्या घरी द्या, म्हणजे एखादी कुंडी वाळली तरी ते झाड जाणार नाही.